शमीच्या गावचा गणपती
(मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला राजस्थानचं प्रवासवर्णन सांगा म्हणून गळ घातली, तेव्हाच आम्ही त्यांना बजावलं होतं की किल्ले, हवेल्या आणि उंटावरचे फोटो आमच्याकडे नाहीत. आम्ही जोधपूरला आठ दिवस होतो आणि मेहरानगड किल्ला रोज खिडकीतून पाहिला. वर जाणं झालं नाही. त्या आठ दिवसांत आम्ही काय केलं, तर एका वाळवंटी संशोधन संस्थेची घाईगर्दी पाहिली, जमेल तिथे पिशव्या धरल्या, आणि मधल्या वेळात गणपती बसवला. तेवढंच सांगतो.

आमची लेक जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेत, म्हणजे सगळे जिला ‘काझरी’ म्हणतात तिथे, पीएच. डी.चं काम करते. 2023 सालच्या गणपतीला तिला सुट्टी मिळणार नव्हती. आमच्याकडे सात दिवसांचा गणपती. तेव्हा म्हटलं, ती येत नाही तर गणपतीच तिच्याकडे नेऊ. ती फोनवर म्हणाली, “या, पण माझा आठवडा गडबडीचा आहे.” आईबापांना मुलांचा प्रत्येक आठवडा गडबडीचाच सांगितला जातो, म्हणून आम्ही ते फारसं मनावर घेतलं नाही. शाडूची वीतभर मूर्ती टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन बडोद्याहून रात्रीच्या गाडीत बसलो.

तिच्या क्वार्टरवर पोचलो तेव्हा ती दारातच बूट चढवत होती. चहा गॅसवर आहे, दुधाची पिशवी फ्रिजमध्ये, मी संध्याकाळी येते, असं सांगून जीपमध्ये बसून गेली. पुढे कळलं की जीप एक आणि ती हवी असलेले विद्यार्थी पाच. जीप सुटली की दिवस गेला.

आता ही घाई कशाची, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. त्या वर्षी जूनमध्ये बिपरजॉय वादळ कच्छात आलं, ते आपल्या लक्षात असेल. तेच पुढे राजस्थानात शिरलं आणि बाडमेर, जालोर, पालीकडे जूनमध्येच धो धो पाऊस पाडून गेलं. शेतकऱ्यांनी खुशीत लवकर पेरण्या केल्या. मग ऑगस्ट आला आणि पाऊस गायब. देशातल्या 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आम्ही पोचलो तेव्हा बाजरी कापणीला आली होती, पण कणसं खालून भरलेली आणि वरून पोचट. संशोधकांच्या दृष्टीनं अशी वर्षं सोन्यासारखी, कारण कोणतं वाण तग धरतं ते अशाच वर्षी दिसतं. पण दाणे पाखरांनी टिपायच्या आत मोजायचे, कापायच्या आत मुळाजवळची माती घ्यायची, आणि ती वाळायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. शिवाय त्याच आठवड्यात शेतकऱ्यांचं प्रशिक्षण, शाळेच्या मुलांची भेट, आणि एका पाहुण्या तुकडीचं शिबिर. संस्थेत कुणीच चालत नव्हतं, सगळे अर्धवट धावत होते.

संस्थेबद्दल दोन शब्द. 1952 मध्ये जोधपूरला वाळवंटात झाडं लावण्याचा अभ्यास करणारं एक छोटं केंद्र सुरू झालं. तेव्हा भीती अशी होती की वाळू पुढे सरकत सरकत सुपीक जमीन गिळेल. 1959 मध्ये त्याची पूर्ण संस्था झाली. पाली, बिकानेर, जैसलमेर आणि आपल्या भूजलाही तिची केंद्रं आहेत. देशातल्या उष्ण शुष्क प्रदेशाचा सुमारे तीन पंचमांश भाग राजस्थानात आणि पाचवा हिस्सा गुजरातेत आहे, तेव्हा हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

संस्थेचं जुनं नाव झालं ते वाळूच्या टेकड्या थांबवण्यामुळे. आम्हाला वाटत होतं की टेकडीवर झाडं लावली की झालं. पण उन्हाळ्यातल्या वाऱ्यात टेकडीचा माथा हलतो, त्यावर रोप टिकायचं कसं? तर आधी तिथलीच खींप, सणिया अशी झुडपं कापून आणायची, आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेला त्यांच्या काड्या वाळूत उलट्या रोवत जायच्या. कुंपणासारख्या रांगा, नाहीतर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. गुडघाभर उंचीचं हे कुंपण वाऱ्याचा वेग जमिनीलगत मोडतं, वाळू थबकते, आणि मग पावसाळ्यात त्या चौकोनांत रोपं लावायची, मधून सेवण गवताचं बी टाकायचं. यंत्र नाही, सिमेंट नाही. आमच्यातल्या एकीनं तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. “हे मी मुलांना का शिकवलं नाही?” असं ती तिथे दोनदा म्हणाली. आमच्यातला दुसरा बँकेतला असल्यामुळे त्यानं खर्च विचारला.

पहिल्या दिवशी पत्रीची पंचाईत होईल असं वाटलं होतं. बडोद्यात आपण मांडवीत पत्रीचा जुडगा घेतो. त्यात एकवीस पत्री असतात हे विकणाऱ्याचं म्हणणं, आपण मोजत नाही. त्यातली ‘शमी’ म्हणजे बहुतेक वेळा कुठलीतरी काटेरी डहाळी. जोधपूरला दुर्वा शोधायला आम्ही हिरवळ असलेले तीन बंगले पालथे घातले, पण शमी? शमी दारात होती. मागच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, प्रयोगाच्या शेतात, जिकडे पाहावं तिकडे. तिकडे तिला खेजडी म्हणतात. शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. 1983 पासून राजस्थानचा राज्यवृक्ष. आणि आमच्या लेकीचा प्रबंध याच झाडावर. इतकी वर्षं जिचं पान आम्ही न बघता वाहत होतो, ती शमी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. बारीक पिसासारखी पानं, राखाडी भेगाळ खोड, आणि भर उन्हाळ्यात, सगळं करपलेलं असताना, नवी पालवी फुटणारं झाड.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ज्या घरात ऋषीची भाजी होत नाही त्या घरात आम्हाला करमत नाही. अळू मिळेना, सुरण मिळेना. शेजारच्या मारवाडी भाभीजींना समजावून सांगितलं की आज बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, न नांगरता उगवलेलंच चालतं. त्या म्हणाल्या, “मग अडचण काय?” आणि डबा घेऊन आल्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, केर म्हणजे झुडपावरची फळं, कुमट म्हणजे बाभळीच्याच जातीतल्या एका झाडाच्या बिया, शिवाय वाळवलेली भोकरं. सगळं रानचं, कुणी नांगर न लावता आलेलं. यांची मिळून पंचकुटा नावाची भाजी होते. आपल्याकडे जे व्रत वर्षातून एक दिवस, ते तिकडे दुष्काळात महिनेच्या महिने पोट भरण्याचं साधन होतं. भाभीजींनी मग एक शंका काढली. त्यांच्या गावाकडे नांगर उंट ओढतो. तर बाजरी चालेल का? आम्ही आमच्या सगळ्या आज्या, मावश्या आठवून पाहिल्या. उंटाबद्दल कुणी काही सांगून गेलेलं नव्हतं. शेवटी बाजरीची भाकरी खाल्ली, आणि दोष असलाच तर उंटाच्या वाट्याचा म्हणून सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी आम्हाला शेतात नेलं, कारण हात कमी पडत होते. काम होतं मटकी मोजायचं. होय, मटकीच. आपल्या मिसळीतली, मोड आलेली मटकी. तिकडे तिला मोठ म्हणतात, आणि देशात सर्वांत जास्त मोठ पिकते ती राजस्थानात, या रेताड जमिनीत. हे पीक उभं वाढत नाही, जमिनीवर सतरंजीसारखं पसरतं. त्यामुळे वाळू झाकली जाते, ओल टिकते आणि वाराही माती उचलू शकत नाही. शेजारची बाजरी माना टाकून उभी होती, आणि मटकी मात्र उन्हात खाली पडून, शेंगा धरून, निवांत होती. दुपारी बारापर्यंत आम्ही एकेका चौकटीतल्या शेंगा मोजल्या आणि कमरेचे तुकडे पडले. लेकीच्या वर्गातल्या बिहारच्या एका मुलानं आमचे आकडे वहीत घेताना विचारलं, “अंकल, पक्का?” बँकेत बत्तीस वर्षं रोकड सांभाळलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे काय, ते आपण समजू शकता. पण पुन्हा मोजलं तर तीन शेंगा जास्त निघाल्या.

इथून पुढे जरा सावकाश सांगतो.

खेजड्या मरताहेत. एकदोन नव्हे, मारवाडात जागोजागी. लेकीचं काम म्हणजे चार गावांतली साठ झाडं निवडून, त्यांना क्रमांक देऊन, दर तीन महिन्यांनी त्यांची तब्येत बघायची. खोडाचा घेर, फांद्यांचा विस्तार, पानांची दाटी, मुळाजवळ पोखरलेलं आहे का, खोडाच्या बुडाशी बुरशीची छत्री आली आहे का. चौथ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर एका गावी गेलो. एका वाळलेल्या खेजडीच्या बुडाशी तिनं खुरप्यानं माती बाजूला केली. आत मुळात बोटभर जाडीचा बोगदा होता आणि त्यात पांढरट, जाड अळी. एका भुंग्याची ती अळी मुळं खाते. ज्या मुळांना जखम होते त्यांत गॅनोडर्मा नावाची बुरशी शिरते. पण अळी आणि बुरशी पूर्वीही होती. मग झाड आताच का हरतंय? तर भूजल कूपनलिकांनी खोल नेलं. खेजडीचं मूळ सरळ खाली तीसेक मीटर जाऊ शकतं, पण पाणी त्याहून वेगानं खाली पळालं तर झाडानं किती धावायचं? त्यात चाऱ्यासाठी दर हिवाळ्यात पूर्ण छाटणी. तिच्या पानांना लूंग म्हणतात, शेळ्या-उंटांचा तो खाऊ. आणि ट्रॅक्टर. बैल किंवा उंट नांगर ओढत होता तेव्हा शेतकरी छोट्या रोपाला वळसा घालून जात असे. ट्रॅक्टरला रोप दिसतच नाही. म्हणून म्हातारी झाडं मरतात आणि पोरं उगवून येत नाहीत. (ज्याला आपण गुजरातेत गांडो बावळ म्हणतो तो मात्र जोमात आहे. तो शमीचा परदेशी भाऊबंद. 1940 मध्ये जोधपूर संस्थानानं त्याला शाही झाडाचा मान दिला होता. आता तो काढता काढता सगळ्यांच्या नाकी नऊ आलेत.)

त्या शेताचे मालक सत्तरीचे होते. गावात त्यांना सगळे काकोसा म्हणत, म्हणून आम्हीही म्हटलं. लेकीच्या साठांपैकी अकरा झाडं त्यांच्या शेतात. त्यांनी खाट टाकली, ताक दिलं, आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले की सौरऊर्जेची एक कंपनी जमीन भाड्यानं मागते आहे. भाड्याचा आकडा त्यांनी सांगितला. दोघं मुलगे सुरतेत कामाला, ऑगस्ट असा गेला, बाजरीचं हे असं. आकडा ऐकून आम्ही गप्प झालो. “बेटी, तूच सांग,” ते लेकीला म्हणाले, “पॅनेलवर खेजडीची सावली पडते म्हणतात. मग खेजडी ठेवतील का?”

ती काही बोलली नाही. आणि आम्ही? आम्ही दोन वर्षांपूर्वीच बडोद्याच्या घराच्या गच्चीवर सोलर बसवलं होतं. वीजबिल शून्य आल्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अंगठे दिले होते.

पाचव्या दिवशी काकोसा संस्थेत आले. प्रशिक्षणाला आलेल्या शेतकऱ्यांच्या घोळक्यात, पांढऱ्या धोतरात आणि लाल फेट्यात. संस्थेनं स्वतःच्या आवारात 105 किलोवॉटचा असा एक प्रकल्प उभारला आहे की त्यात पॅनेलच्या रांगांमध्ये जागा सोडून पिकं घेतात. मूग, मटकी, हिवाळ्यात जिरं, इसबगोल. पॅनेलवर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीनं टाकीत जातं आणि त्याच पाण्यानं पॅनेलवरची धूळ धुतात, उरलेलं पिकाला देतात. एका जमिनीत वीजही आणि मटकीही. काकोसांनी रांगांमधलं अंतर पावलांनी मोजलं. मग मार्गदर्शन करणाऱ्या मुलीला विचारलं, “कंपनी एवढी जागा सोडते का?” तिनं खरं उत्तर दिलं. इथे आम्ही काय शक्य आहे ते दाखवतो, करारात काय लिहायचं ते लिहिणाऱ्यांच्या हातात. काकोसांनी मान हलवली आणि पुढच्या घोळक्याबरोबर बोरांच्या रोपवाटिकेकडे गेले. तिथे मात्र त्यांचा चेहरा खुलला. रानबोरीच्या रोपावर गोला बोराचा डोळा कसा बांधायचा ते त्यांनी शिकवणाऱ्यालाच दाखवलं.

सहाव्या दिवशी काही घडलं नाही असं नाही, पण सगळं मातीच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावण्यात गेलं. रात्री साडेनऊला आरती झाली. टाळ नव्हते म्हणून प्रयोगशाळेतल्या दोन पोरांनी स्टीलच्या वाट्या वाजवल्या. एक केरळची मुलगी आपल्याहून स्वच्छ ‘दुर्वांकुर’ म्हणायला शिकली.

सातवा दिवस भाद्रपद शुद्ध दशमी. आमच्या गणपतीचा जाण्याचा दिवस. आणि तिथे गेल्यावर कळलं की खेजडलीचा मेळाही त्याच तिथीला असतो. जोधपूरहून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव. 1730 मध्ये, म्हणजे आपल्याकडे पहिल्या बाजीरावाची कारकीर्द चालू असताना, महाराजा अभयसिंहाच्या बांधकामाला चुना भाजायचा होता, त्यासाठी लाकूड हवं होतं, म्हणून दरबारी माणसं या गावच्या खेजड्या तोडायला आली. गाव बिश्नोई लोकांचं. पंधराव्या शतकात जांभोजींनी घालून दिलेले एकोणतीस नियम ते पाळतात, आणि हिरवं झाड तोडायचं नाही हा त्यांतला एक. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिला मारलं. मग तिच्या तीन मुली तशाच उभ्या राहिल्या. मग आजूबाजूच्या गावांतले लोक येत गेले. 363 माणसं गेली, तेव्हा कुऱ्हाडी थांबल्या.

आम्ही सकाळी तिथे गेलो. मेळा म्हणजे मेळाच. धुरळा, जिलेबी, सोन्यानं मढलेल्या बिश्नोई बायका, हवनात तूप-नारळ, आणि स्मारकाभोवती खेजड्यांची राई. गंभीर चेहरे करून गेलेलो आम्ही थोडे ओशाळलो. त्या गर्दीत लेकीच्या फोनवर काकोसांचा फोन आला. तिनं कानावर हात ठेवून ऐकलं, दोनदा “हां सा” म्हणाली आणि फोन ठेवला. अर्धी जमीन द्यायचं ठरलं होतं. घराकडची अर्धी ठेवणार. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं की तुझ्या झाडांचे नंबर सांग, कुठली कुठल्या बाजूला येतात ते बघतो. नंबर तिला तोंडपाठ होते. पाच त्या बाजूला, सहा या बाजूला.

तिनं पर्समधून वही काढली. तिच्या तक्त्यात प्रत्येक झाडापुढे तीन रकाने होते: निरोगी, वाळत चाललेलं, वाळलेलं. त्या पाच झाडांतली चार निरोगी होती. तोडलेल्या झाडासाठी तिच्या तक्त्यात रकानाच नव्हता. मेळ्यातल्या जिलेबीच्या दुकानासमोर उभं राहून तिनं मोजपट्टी धरून चौथा रकाना आखला. आमच्यातल्या एकीनं तिच्या हातातला पाण्याचा प्याला धरला, तेवढीच मदत.

संध्याकाळी विसर्जन. इथे आपण महापालिकेच्या कृत्रिम तलावावर जातो. जोधपूरचा कायलाना तलाव पिण्याच्या पाण्याचा, त्यात काही सोडायचं मनात आलं नाही. एक गंमत सांगतो. कालव्याचं पाणी शहरात आल्यापासून जुन्या जोधपुरात भूजल इतकं वर आलं की तळघरांत पाणी शिरतं आणि ते पंपानं उपसावं लागतं. बाहेर खेड्यात पाणी पाताळात, आणि शहरात तळघरात. आम्ही अंगणात बादली ठेवली. सयाजीरावांच्या आजव्याचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसांना बादलीभर पाण्यात देव बुडवताना कसंतरीच झालं खरं, पण शाडू तासाभरात विरघळला. पोरांनी वाट्या वाजवल्या. ते पाणी कुठल्या झाडाला घालायचं यावर चर्चा झाली. लेक म्हणाली, खेजडीला नको, तिला वरून पाण्याची सवय लावू नये. बोराच्या रोपांना घातलं.

25 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून पाऊस परतू लागल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. आम्ही तोवर गाडीत बसलो होतो.

काकोसांकडची सहा झाडं अजून आहेत. लेक दर तीन महिन्यांनी जाते. पाचांच्या जागी आता पॅनेल आहेत. भाड्याच्या पैशातून काकोसांनी घराशेजारी पाण्याचं टाकं बांधून घेतलं, आणि धाकटा मुलगा सुरतेहून परत आलाय. आमच्या गच्चीवरचं सोलर चालू आहे, बिल अजूनही शून्यच येतं. फक्त फोटो टाकत नाही.

भाभीजींनी येताना दोन किलो सांगरी आणि केर बांधून दिले होते. ते रात्रभर ताकात भिजवून आज सकाळी केलंय, मोहरीच्या तेलात, भरपूर लाल मिरची घालून. स्वयंपाकघराच्या दाराशी मोठ्या पातेल्यात आहे. पुऱ्या जोशीकाकू तळताहेत. तिखट आहे, ताक घ्या बरोबर.